ताईच्या गाडीतला बाण

गॅरेजमध्ये त्याला सगळे नकाशे म्हणायचे. त्याचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते आता कुरिअरवाल्याच्याही लक्षात नसे. पार्सलवर 'नकाशे, मागची खोली' एवढं लिहिलेलं असलं की ते बरोबर त्याच्या टेबलावर येऊन पडायचं. नाव पडलं ते कामावरून. परदेशातून वापरलेल्या गाड्या यायच्या. इंजिनं ठणठणीत, पण डॅशबोर्डमधली स्क्रीन परक्या भाषेत बोलणारी आणि तिच्यातला नकाशा परक्याच मुलखाचा. एकदा एक गृहस्थ घामाघूम होऊन आला. त्याच्या स्क्रीनवर गाडीचा बाण निळ्याशार रंगात तरंगत होता, कारण त्या नकाशात हा देशच भरलेला नव्हता, नुसतं पाणी होतं.

"अहो, ही मला भर समुद्रात दाखवतेय!"

"मग आधी काचा वर करून घ्या," नकाशे म्हणाला आणि पेनड्राइव्ह शोधायला लागला.

दोन बटणं एकदम दाबून धरली की स्क्रीनवर एक लपवलेली यादी उघडायची, कंपनीने स्वतःच्या माणसांसाठी ठेवलेली. तिथून तो जुनं सॉफ्टवेअर काढून नवं घालायचा. भाषा बदलायची, रस्ते बदलायचे, कुलपं उघडायची. कधी कधी मध्येच स्क्रीन काळी पडायची आणि उठायचं नावच घ्यायची नाही. मग नकाशे त्या दिवशी जेवायचा नाही. मागच्या खोलीतल्या पंख्याखाली, शेजारच्या रंगकामाच्या थिनरचा वास नाकात घेत, उघड्या पडलेल्या वायरींशी तो असा काही बोलत बसायचा, की रंगारी म्हणायचा, "याला बायकोपेक्षा ही यंत्रं जवळची."

गॅरेज भाऊजींचं होतं. नकाशेच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आई गेली तेव्हा नकाशे शाळकरी होता आणि ताईनेच त्याला वाढवलं. तिचं लग्न झालं तेव्हा तोही तिच्याबरोबर त्या घरात आला. "हुंडा नको म्हटलं तर त्यांनी मेहुणा दिला," असं भाऊजी पाहुण्यांना हसत हसत सांगायचे, पण त्या हसण्यात टोचणी कधी नसायची. मोठ्या आवाजाचा, मोठ्या हाताचा माणूस. कुणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी भाऊजी हजर. नकाशेचं अपेंडिक्स फुटलं होतं तेव्हा हॉस्पिटलच्या फरशीवर वर्तमानपत्र अंथरून तेच झोपले होते. त्याला गाडी शिकवली त्यांनी, डिप्लोमाला घातलं त्यांनी, आणि बाकीचे मेकॅनिक "हे कसलं काम" म्हणून नाक मुरडत होते तेव्हा ही मागची खोली काढून दिली तीही त्यांनीच. भाऊजींचा शब्द नकाशेने कधी खाली पडू दिला नव्हता. तशी वेळच आली नव्हती.

लेक हॉस्टेलवर गेली आणि ताईला घर खायला उठलं. तिने एका डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी धरली. पेशंटना नंबर द्यायचे, फायली काढायच्या. भाऊजी आधी "कशाला दगदग" म्हणाले, मग त्यांनीच तिच्यासाठी एक छोटी गाडी आणली. जुनीच, पण स्वतः उभं राहून रंगवून घेतलेली. ताईने चावी हातात घेतली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता, की नकाशेला तिचा शाळेतला ग्रुप फोटो आठवला.

दुसऱ्या दिवशी भाऊजी मागच्या खोलीत आले आणि दार लोटून घेतलं.

"अरे, तिच्या स्क्रीनमध्ये एक काम कर. गाडी कुठे आहे ते माझ्या मोबाइलवर दिसलं पाहिजे. होईल ना?"

"होईल की. ट्रॅफिकसाठी तिच्यात सिमकार्ड आहेच."

"चोऱ्या किती वाढल्यात बघतोयस ना. आणि ती नवीन चालवणारी. कुठे अडकली, बंद पडली, तर मला कळायला नको?"

"बरोबर आहे."

"आणि हे बघ, स्क्रीनवर काही दिसायला नको हं. ती उगीच घाबरते."

नकाशेने ते दुपारच्या आत उरकलं. नेव्हिगेशनचं सॉफ्टवेअर त्याने असं बदललं, की गाडी सुरू असो वा उभी, तिचा ठावठिकाणा गुपचूप भाऊजींच्या मोबाइलवर जात राहावा. मोबाइलवर एक नकाशा आणि त्यावर एक हिरवा बाण. मेनूमध्ये कुठेही खूण नाही, बॅटरीवर भार नाही. काम इतकं साफ झालं होतं, की तो स्वतःवरच खूश झाला. ताईला सांगावं की नाही हा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही. भाऊजींना काळजी आहे, आपण ती मिटवली, एवढंच त्याला वाटलं.

मग भाऊजींना नवा चाळाच लागला. चहा घेताना मोबाइल काढायचे. "निघाल्या बाईसाहेब." "सिग्नलला अडकल्या." "आज भाजी घ्यायला वाकडी वाट." सगळे हसायचे. नकाशेही हसायचा.

एका रविवारी ताईने भावाला आणि भावजयीला जेवायला बोलावलं. भाऊजी रंगात होते, सगळ्यांना आग्रह करून वाढत होते. बोलता बोलता त्यांनी ताईला विचारलं, "संध्याकाळचं त्या तलावाच्या बागेपाशी पार्किंग मिळतं का गं?"

ताईचा पाण्याचा तांब्या हवेतच थांबला. "कुठली बाग?"

"छे, सहज विचारलं." भाऊजी हसले आणि नकाशेच्या ताटात आणखी वाढत म्हणाले, "खा रे, वाळलायस."

त्यानंतर ताई जेवली नाही. ती बोलत होती, वाढत होती, पण चेहऱ्यावरचा रंग गेला तो परत आला नाही. ते वाक्य कुठून आलं, हे टेबलाशी बसलेल्या चौघांपैकी दोघांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यातला एक तो स्वतः होता.

घरी जाताना बायको स्कूटरवर मागून म्हणाली, "ताई दवाखान्यातून सुटल्यावर बागेत जातात, हे त्यांना कुणी सांगितलं?"

नकाशेने स्कूटरचा वेग वाढवला.

"मी तुझ्याशी बोलतेय. ताईंनी हे मला एकटीला सांगितलं होतं, आणि मी तुलाही बोलले नव्हते."

त्याने स्कूटर कडेला घेतली आणि सगळं सांगून टाकलं. बायको ऐकत होती. मग तिने हेल्मेट काढून हातात धरलं.

"काळजी म्हणून केलं ना? मग ताईंना का नाही सांगितलं?"

"भाऊजी म्हणाले, ती घाबरेल."

"आता काय, नाचतायत का त्या?"

सोमवारी तो भाऊजींकडे गेला. लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली उभे राहून ते कुणावर तरी ओरडत होते. तो थांबला. मग हळूच म्हणाला, "भाऊजी, ते ताईच्या गाडीतलं काढून टाकू का?"

"का रे? बिघडलं?"

"बिघडलं नाही. पण ताईला आपण सांगितलेलं नाही, ते बरं वाटत नाही."

"आपण?" भाऊजी चिंधीला हात पुसत हसले. "केलंस तू, राजा. मी नुसता बघतो." मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "ती बाहेर असली की माझं कामात लक्ष लागत नाही रे. बाण हलताना दिसला की जीव शांत होतो. यात कुणाचं काय वाईट झालं, सांग बरं?"

नकाशे मागच्या खोलीत जाऊन बसला. त्या दिवशी हाताखालची स्क्रीन काळी पडली, आणि ती दुरुस्त होणार की नाही याचंही त्याला काही वाटलं नाही.

आठवडाभराने ताईच आली. भाऊजी सुटे भाग आणायला गेले होते, आणि ते बघूनच ती आली असावी. "स्क्रीनचा आवाज येत नाही, जरा बघतोस?" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. तो शेजारच्या सीटवर बसला. तिने काचा वर केल्या. आवाज व्यवस्थित येत होता.

"माझ्याकडे बघ," ताई म्हणाली. "मी कुठे जाते ते यांना कळतं. दुकानात गेले तर कळतं, रस्ता बदलला तर कळतं. आधी मला वाटलं, कुणीतरी सांगतंय. दवाखान्यातली नर्स आहे ना, तुझ्या बायकोखेरीज तिलाच फक्त बागेचं माहीत होतं. कधी कधी तीही येऊन बसायची. मी तिच्यावर संशय घेतला. सगळ्यांसमोर नको ते बोलले तिला. ती रडली, आणि मला वाटलं, नाटक करतेय." ती थांबली. "परवा मला तुझी आठवण झाली. असलं काम या गावात कुणाला येतं?"

नकाशेने मान खाली घातली.

"तू केलंस?"

"हो."

"कधीपासून?"

"गाडी आणली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

ताईने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, जणू गाडी चालू आहे. तिने शिव्या दिल्या असत्या, कानाखाली वाजवली असती, तर त्याला सोपं गेलं असतं. लहानपणी वाजवायची. मग लगेच जवळही घ्यायची.

"मी तिथे काही करत नव्हते रे," ती म्हणाली. "नुसती बसायचे. घरी गेलं की विचारतात, कोण भेटलं, काय बोललीस, एवढा वेळ का लागला. वीस वर्षं उत्तरं देतेय. बागेत कुणी काही विचारायचं नाही."

वीस वर्षं. त्यातली निम्मी नकाशेने त्याच घरात काढली होती. ते प्रश्न त्याने रोज ऐकले होते, आणि त्याला ते प्रेमच वाटत आलं होतं.

"आत्ता काढतो," तो म्हणाला आणि त्याने ती दोन बटणं दाबायला हात पुढे केला. ताईने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे."

"अगं, पण—"

"काढलंस तर त्यांना लगेच कळेल. मग दुसरं काहीतरी बसवतील, तुझ्याकडून नाहीतर आणखी कुणाकडून. आत्ता निदान मला माहीत तरी आहे." तिने काच खाली केली आणि मोठ्याने म्हणाली, "आवाज आला बरं का! थँक्यू."

पुढचे दिवस नकाशेला फार जड गेले. भाऊजींना सांगावं तर ताईशी दगा, न सांगावं तर त्यांच्या चहाच्या गप्पांत मान डोलवायची. ताईने बागेत जाणं सोडलं. हिरवा बाण दवाखाना ते घर, घर ते दवाखाना असा शहाण्यासारखा जाऊ-येऊ लागला. "आता बघ कशी गाडी रुळावर आली," भाऊजी म्हणायचे. ते खरोखरच खूश होते. एक दिवस ताईसाठी नवी पर्स घेऊन आले आणि ती आधी नकाशेला दाखवली, "आवडेल ना तिला?" असं विचारत. त्या क्षणी नकाशेला त्यांची अशी कीव आली, की तो उठून बाहेरच गेला.

आणि एका गुरुवारी बाण दवाखान्यावरून हललाच नाही. सकाळी वेळेवर पोचला होता. दुपारी तिथेच, चार वाजता तिथेच. संध्याकाळी भाऊजी म्हणाले, "आज ओव्हरटाइम दिसतोय." अंधार पडायला लागला तसे ते गाडी काढून निघाले. ताईची गाडी दवाखान्याच्या भिंतीला लागून नेहमीच्या जागी नीट उभी होती. चावी वॉचमनकडे ठेवलेली. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, की बाईंनी कालच नोकरी सोडली. आज सकाळी येऊन गाडी लावली, एका नर्सला मिठी मारली आणि बॅग घेऊन चालत गेल्या.

भाऊजींनी तिथूनच फोन लावला. ताईने उचलला. ती काय म्हणाली ते भाऊजींनीच पुढे नातेवाइकांत कितीतरी जणांना सांगितलं, प्रत्येक वेळी तेवढ्याच अविश्वासाने: "मी लेकीकडे आलेय. इथेच राहणार आहे. तुम्ही येऊ नका. गाडी कुठे आहे ते तुम्हाला दिसतच असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागच्या खोलीत आले. दाढी वाढलेली, शर्ट कालचाच. स्टुलावर बसले. नकाशे उभाच राहिला.

"तू सांगितलंस तिला."

"हो."

"माझ्या घरात वाढलास."

"हो, भाऊजी."

"कधी हात उचलला मी तिच्यावर? कधी काही कमी केलं? तूच सांग, तू होतास तिथे."

"हात नाही उचललात."

"मग?" त्यांचा तो मोठा आवाज चिरकला. "काळजी करणं गुन्हा आहे का रे?"

नकाशेने रात्रभर मनात पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता हाताशी येईना. "ती बागेत नुसती बसायची," तो म्हणाला. "तुम्ही आणि मी मिळून तिला तेवढंही बसू दिलं नाही."

भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग होताच, पण त्याहून जास्त, त्यांना काही कळलं नव्हतं हेच होतं. खरंच कळलं नव्हतं. गुडघ्यांवर हात टेकून ते उठले आणि म्हणाले, "सामान आवर."

त्याने आवरलं. बाहेर सगळ्यांची कामं थांबली होती. रंगारी तेवढा पुढे आला, जड खोका उचलून टेम्पोत ठेवला आणि पाठ फिरवून गेला.

आता नकाशे गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या एका दुकानाच्या मागे अर्धी खोली घेऊन बसतो. कामं येतात, पण पूर्वीसारखी नाहीत. मेहुण्याने आपलं घर फोडलं, असं भाऊजी गिऱ्हाइकांना सांगतात, आणि गिऱ्हाइकांना भाऊजी आवडतात. नकाशेने कुठेही जाऊन आपली बाजू मांडली नाही. आपली बाजू नेमकी कोणती, हे त्याला स्वतःलाच धड सांगता येत नाही. मध्ये एक बाप मुलाच्या गाडीत तसलंच काहीतरी बसवून घ्यायला आला होता. नकाशेने विचारलं, "मुलाला माहीत आहे?" तो म्हणाला, "त्याला कशाला सांगायचं?" नकाशेने हात जोडले. बाप पुढच्या गल्लीत गेला आणि संध्याकाळपर्यंत काम करून घेऊन, मुद्दाम याच्या दुकानावरून हॉर्न वाजवत गेला.

पावणेदोन महिने ताईने फोन उचलला नाही. मग एकदा उचलला. मग तो बसने जाऊन तिला भेटून आला. लेकीने हॉस्टेल सोडून आईसाठी भाड्याने घेतलेल्या दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. भाचीने दार उघडलं. लहानपणी त्याच्या पाठीवर चढून गॅरेजभर फिरणारी ती पोर, आता दार अर्धंच उघडून उभी होती.

"मामा, बाबांना इथला पत्ता दिलायस?"

"नाही गं."

"मोबाइल बाहेर ठेव."

तो निमूटपणे मोबाइल दाराबाहेरच्या चपलांच्या रॅकवर ठेवून आत गेला. ताई स्वयंपाकघरातून आली. बारीक झाली होती, पण चालणं मोकळं वाटत होतं. जवळच्या चष्म्याच्या दुकानात तिला काम मिळालं होतं, पायी पोचता येतं म्हणाली. नर्सशी तिचं सगळं आधीच मिटलं होतं. गाव सोडण्यापूर्वीच, एका दुपारच्या सुट्टीत ती तिच्या घरी जाऊन माफी मागून आली होती. भाऊजींबद्दल तिने एकच विचारलं, "जेवतात का वेळेवर?" नकाशे म्हणाला, मला कळत नाही आता. तिने मान हलवली आणि चहा ओतला.

ताईने भावजयीची चौकशी केली, त्याच्या पोटाची चौकशी केली. त्याने खिडकीच्या बिजागरीला तेल हवंय असं सांगितलं. भाची अभ्यासाचं पुस्तक उघडून बसली होती, पण पान उलटत नव्हती.

निघताना तो दाराशी थांबला. "ताई, मी चुकलो."

"हो," ती म्हणाली.

एवढंच. तिने ते मऊ केलं नाही, पुढे काही जोडलंही नाही. त्याने रॅकवरून मोबाइल उचलला. दोन पायऱ्या उतरून तो वळला.

"पुढच्या महिन्यात येऊ?"

जन्मात कधी त्याने ताईच्या घरी यायची परवानगी मागितली नव्हती. ती चौकटीला टेकली.

"ये," ती म्हणाली. "पण आधी फोन करून ये."